दीड हजार तासांनंतरचा पेपर

पायलट झालं की अभ्यास संपला, असं वाटतं ना? कॅप्टनच्या खुर्चीआधी एटीपीएल नावाचा एक घाट लागतो. सातारा-सांगलीतून त्या वाटेला निघू पाहणाऱ्यांसाठी...

सांगलीत विश्रामबागच्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जा. खुर्च्या भरलेल्या असतात. टेबलावर लक्ष्मीकांत, चालू घडामोडींचे अंक, पाण्याची बाटली आणि सायलेंट करून उलटा ठेवलेला मोबाइल. राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, बँक. तुमच्यापैकी अर्धेजण तिथे बसून हा अंक वाचत असतील, शपथेवर सांगते.

याच गर्दीत मला एक ताई भेटली. तिच्यापुढे एक गोल चकती होती. आकड्यांनी गच्च भरलेली, मधे पारदर्शक काच. ती चकती फिरवायची, पेन्सिलने काचेवर खूण करायची, पुसायची, पुन्हा फिरवायची. न राहवून विचारलं, "कुठली परीक्षा?" "एटीपीएल." मी मान डोलावली. काही कळलं नाही की आपण डोलावतो ना, तशी.

चहाच्या गाड्यावर उलगडा झाला. ताई एका विमान कंपनीत को-पायलट आहे. एअरबस उडवते. म्हणजे आपल्याला वाटतं ते सगळं तिचं झालेलं आहे: युनिफॉर्म, खांद्यावरच्या पट्ट्या, गावात सत्कार, शाल-श्रीफळ. तरी सुट्टीला घरी आली की ती मिरजेहून रोज या अभ्यासिकेत येते, कारण घरी पाहुणे बसू देत नाहीत. "अगं, सगळ्यांना वाटतं मी सुट्टीवर आलेय. मला नेव्हिगेशन क्लिअर करायचंय." नाव छापायचं नाही या अटीवर ती बोलली. का, ते पुढे येईल.

आधी पायऱ्या समजून घेऊ, कारण याबद्दल कॉलेजात भलताच गोंधळ असतो. बारावी फिजिक्स-मॅथ्सने पास व्हायचं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही हे दार उघडावं अशी चर्चा २०२५ पासून आहे. सध्या मात्र आर्ट्स-कॉमर्सवाले ओपन स्कूलमधून हे दोन विषय देऊन येतात. मग मेडिकल. सोळाव्या वर्षी स्टुडंट पायलट लायसन्स मिळू शकतं, अठराव्या वर्षी कमर्शियल, म्हणजे सीपीएल. सीपीएलसाठी २०० तास उड्डाण आणि डीजीसीएचे पेपर: नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. त्यानंतर ज्या विमानावर नोकरी मिळणार त्याचं टाइप रेटिंग. एवढं झालं की तुम्ही उजव्या खुर्चीत बसता. को-पायलट.

डाव्या खुर्चीत बसायला, म्हणजे कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स. वय किमान २१, एकूण उड्डाण १५०० तास, त्यातले किमान १०० तास रात्रीचे. आणि पेपर. मुख्य तीन: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मीटिऑरॉलॉजी, रेडिओ एड्स अँड इन्स्ट्रुमेंट्स. कॉम्प्युटरवर बसून पर्याय निवडायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण पास व्हायला ७० टक्के. ३५ टक्क्यांवर काठावर पास होण्याची सवय असेल तर विसरा. ६९ म्हणजे नापास.

थोडा हिशेब करू. २०० तास हातात घेऊन नोकरीला लागलात तर उरले १३००. महिन्याला ६५ तास उडालात तर वीस महिने. म्हणजे पावणेदोन वर्षं. ऐकायला सोपं. पण हा अभ्यास कधी करायचा? पहाटे तीनला उठून चारच्या पिकअपने एअरपोर्ट, दिवसात चार उड्डाणं, रात्री परक्या शहरातल्या हॉटेलात. ताई म्हणते, "कॉलेजात अभ्यासाला वेळ होता, अक्कल नव्हती. आता उलटं झालंय." सीपीएल हातात आलं की हे पेपर देता येतात, म्हणून शहाणे लोक तास भरायची वाट न बघता ते आधीच उरकतात. निकालाला मुदत असते, तेवढं भान ठेवायचं. आळशी लोक म्हणतात, बघू. ताईने बघू म्हटलं होतं.

एवढं कशाला, आता तर सगळं ऑटोपायलट करतो!

हे वाक्य तुम्ही म्हणणार याची मला खात्री आहे, कारण मीही म्हटलं. ताईने उत्तर दिलं नाही, वहीत गणित लिहून माझ्यापुढे सरकवलं.

समजा समुद्रावरून १२०० नॉटिकल मैल जायचंय. विमानाचा हवेतला वेग ४००. वारा पाठीमागून ५०. मधेच इंजिनाने दगा दिला. पुढे जायचं की मागे फिरायचं? तुम्ही म्हणाल, अर्धं अंतर झालं नसेल तर मागे, झालं असेल तर पुढे. म्हणजे ६०० मैलांचा नियम. मीही तेच म्हटलं. चूक.

पुढे जाताना वारा मदत करतो, जमिनीवरचा वेग ४५०. मागे फिरलात की तोच वारा तोंडावर, वेग ३५०. ज्या जागेवरून पुढे आणि मागे जायला सारखाच वेळ लागतो ती जागा काढायची: १२०० गुणिले ३५०, भागिले ४५० अधिक ३५०. उत्तर ५२५. पडताळून बघा: ५२५ मैल मागे यायला ३५० च्या वेगाने दीड तास. उरलेले ६७५ मैल पुढे जायला ४५० च्या वेगाने तोही दीड तास. म्हणजे साडेपाचशे मैलांवर बिघाड झाला तर अर्धं अंतर झालेलं नसूनही पुढेच जायचं. ७५ मैलांचा फरक वाऱ्याने केला. (हे सोपं करून सांगितलेलं गणित आहे. खऱ्या पेपरात एक इंजिन बंद पडल्यावरचा कमी वेग धरायचा असतो.)

कराड-कोल्हापूर हायवेवर गाडी बंद पडली की आपण जवळचं गॅरेज बघतो. आकाशात जवळचं म्हणजे मैलांनी जवळचं नाही, मिनिटांनी जवळचं. या बिंदूला नेव्हिगेशनमध्ये पॉइंट ऑफ इक्वल टाइम म्हणतात आणि एटीपीएलच्या नेव्हिगेशनमध्ये तो तुम्हाला हमखास भेटतो. विमानातला कॉम्प्युटर हे क्षणात काढून देतो, मान्य. पण त्याला वारा चुकीचा भरला असेल तर तो चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. समोरचा आकडा खोटा वाटतोय, हे ज्याला आतून कळतं तो कॅप्टन.

अजून एक, हे तर तुम्ही बसमध्ये बसून तोंडी करू शकता. साठात एकचा नियम. ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला सरकला असाल तर तुमची चूक १ अंशाची. आता ४० मैल गेल्यावर तुम्ही ठरलेल्या रेषेच्या ४ मैल उजवीकडे आहात, अजून ८० मैल जायचंय. चूक किती? ४ भागिले ४०, गुणिले ६०: ६ अंश. तेवढं डावीकडे वळलात तर फक्त रेषेला समांतर जाल. मुक्कामाला पोचायचं तर अजून ४ भागिले ८०, गुणिले ६०, म्हणजे ३ अंश. एकूण ९ अंश डावीकडे. कॅल्क्युलेटर नाही, चकतीसुद्धा नाही. त्या चकतीचं नाव, गंमत म्हणजे, नेव्हिगेशन कॉम्प्युटर. बॅटरी नसलेला.

हवामान: हा पेपर आपल्या अंगणात आहे

सातारा जिल्ह्यातल्या पोरांना या विषयात अर्धे मार्क फुकट मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून पूर्वेला दहिवडीकडे निघा, काही तासांत पाचशेच्या आसपासच्या मुलखात येता. सांगलीतही तेच: शिराळ्याकडे भाताची खाचरं, जत-आटपाडीकडे टँकर. दमट वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो, पाणी टाकून देतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. पुस्तकात याला ओरोग्राफिक पाऊस म्हणतात आणि आकृतीत एक नाव नसलेला डोंगर काढलेला असतो. आपल्याकडे त्या डोंगराला नाव आहे. ग्रुप कॅप्टन आय. सी. जोशी यांचं एव्हिएशन मीटिऑरॉलॉजीचं पुस्तक भारतातले बहुतेक पायलट वाचतात. ते वाचताना मधेमधे खिडकीतून बाहेर बघितलं तरी चालेल.

एटीपीएलला याच्या वरच्या मजल्यावर जावं लागतं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा जोराचा वारा असतो, ईस्टर्ली जेट. हिवाळ्यात उत्तर भारतावर उलट, पश्चिमेकडून. कुठल्या महिन्यात, कुठल्या उंचीवर, विमानाला फायदा की तोटा, हे सगळं विचारतात. पाठ केलं तर आठवड्यात विसरतं. का होतं ते समजलं तर राहतं.

आणि हे नुसतं मार्कांसाठी नाही. ७ ऑगस्ट २०२०ची रात्र आठवते? कोझिकोडला पाऊस, टेकडी कापून केलेली धावपट्टी, पाठीमागून वारा. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवर बरंच पुढे जाऊन टेकलं, थांबू शकलं नाही आणि खाली कोसळलं. २१ जण गेले, त्यात दोन्ही पायलट. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात वर्षानुवर्षं उडवून मग सिव्हिलमध्ये आलेले मराठी अधिकारी होते. चौकशी अहवालात अस्थिर अप्रोच तसाच पुढे नेणं आणि फार पुढे टेकणं ही कारणं नोंदली, त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर चालत नसल्याचीही नोंद आहे. पाठीमागचा वारा म्हणजे जमिनीवरचा वेग वाढतो, ओली धावपट्टी म्हणजे ब्रेक कमी लागतो. ही दोन वाक्यं पेपरात एका मार्काची असतात. अनुभवी माणसालाही एखाद्या रात्री ती पुरत नाहीत, आणि हे लिहिताना मला त्यांच्यावर बोट दाखवायचा काहीएक अधिकार नाही.

रेडिओ एड्स अँड इन्स्ट्रुमेंट्सबद्दल थोडक्यात. विमानाचा वेग मोजणारी पिटो ट्यूब नावाची नळी असते. त्यात बर्फ अडकला की वेगाचा आकडा खोटा. १ जून २००९ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. सुरुवात या नळीपासून झाली होती. बारावीत बर्नुलीचं समीकरण ऑप्शनला टाकलेल्यांनी नोंद घ्यावी.

शॉर्टकट

आता जरा अवघड गोष्ट. २०११च्या जानेवारीत गोव्यात एक विमान आधी नाकाच्या चाकावर उतरलं. असं उतरवायचं नसतं, मागची चाकं आधी टेकायला हवीत. चौकशी सुरू झाली, कागदपत्रं तपासली गेली आणि निघालं काय, तर कॅप्टनने एटीपीएलसाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट. पेपर पासच झाले नव्हते. मार्चमध्ये अटक झाली. मग डीजीसीएने देशभरातल्या एटीपीएलधारकांची कागदपत्रं तपासायला घेतली. अजून पायलट सापडले, दलाल सापडले, डीजीसीएमधला माणूसही पकडला गेला.

हे वाचल्यावर मला आधी राग आला. मग ताईकडे बघून थोडं वेगळं वाटलं. कारण ती मागच्या खेपेला नेव्हिगेशनमध्ये अगदी थोडक्यात हुकली होती. ती म्हणाली, "तेव्हा कुणी येऊन म्हणालं असतं ना, एवढे द्या, होऊन जाईल, तर मी नाहीच म्हटलं असतं. पण एक सेकंद थांबले असते. तो एक सेकंद मला आवडत नाही." नाव न छापण्याचं कारण हे नाही बरं का. कारण साधं आहे: घरी माहीत नाही. वडिलांना वाटतं, ती पास झालीय.

वडिलांचं का एवढं, तेही सांगते. सीपीएलचा खर्च साधारण पन्नास लाखांच्या आसपास सुरू होतो आणि वर कितीही जातो. टाइप रेटिंगचे अजून वेगळे. आपल्या भागात हा पैसा कुठून येतो तुम्हाला माहीत आहे. तासगावची द्राक्षबाग, मिरजेजवळचा एनए प्लॉट, सोसायटीचं कर्ज, मामांकडून उसने. ताईच्या घरी जमिनीचा एक तुकडा गेला. को-पायलटच्या पगारातून हप्ते फिटतात, पण कॅप्टन आणि को-पायलट यांच्या पगारात मोठी दरी असते. म्हणजे त्या तीन पेपरांच्या पलीकडे घरचा तुकडा परत घ्यायची शक्यता उभी आहे. ६९ आणि ७० मधला फरक हा असा.

आणि नोकरीची हमी? एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज एका रात्रीत जमिनीवर आली, दुसऱ्याच वर्षी कोरोना. २०० तासांवाले कितीतरी जण लायसन्स घेऊन घरी बसले. उलट डिसेंबर २०२५ बघा. पायलटांना आठवड्याला सलग ३६ऐवजी ४८ तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, असे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि इंडिगोला माणसं पुरेनात. हजारो उड्डाणं रद्द, एअरपोर्टवर बॅगांचे डोंगर. तेव्हा सगळ्यात जास्त टंचाई कुणाची होती, तर कॅप्टनची. नवशिके पायलट रांगेत उभे आणि कॅप्टन कमी, असं हे विचित्र दुकान आहे. पन्नास लाख भरायच्या आधी घरच्यांना हे दोन्ही सांगा. फक्त दुसरं नको.

मग करायचं काय?

बारावी किंवा फर्स्ट इयरला असाल तर क्लासच्या जाहिरातींच्या आधी मेडिकल. डोळे, रंग ओळखणं, कान, हृदय. आधी क्लास टू, मग क्लास वन. फी भरून झाल्यावर रंगांधळेपणा कळला अशा गोष्टी ऐकल्यात, त्या तुमच्या होऊ नयेत.

भाषा. मराठी मीडियमवाल्यांनो, घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे इंग्रजीची किमान लेव्हल फोर लागते. त्यात शेक्सपिअर नाही. रेडिओवर खरखरीत आवाजात आलेलं वाक्य एका फटक्यात समजणं आणि तसंच परत म्हणणं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. तिला सुरुवातीला इंग्रजीचा त्रास झाला नाही, वेगाचा झाला.

अभ्यासाची तिची पद्धत तशीच्या तशी देते. प्रश्नसंच शेवटी. पहिल्यांदा ती प्रश्नसंच पाठ करून गेली होती. आकडे बदलून आले आणि हात थरथरला. आता ती एक प्रकार घेते, आकडे स्वतः बदलते, वारा उलटा करते, उत्तर कुठल्या बाजूला सरकेल हे आधी तोंडाने सांगते आणि मग चकती फिरवते. तोंडाचं आणि चकतीचं जुळलं नाही तर पुढे जात नाही. दिवसाला आठच गणितं, पण रोज. ड्युटीवर असली तरी हॉटेलात चार. दिल्लीच्या द्वारकेत या विषयांच्या क्लासची अख्खी बाजारपेठ आहे, पुण्यातही क्लास आहेत, आणि ज्यांना शिस्त लागत नाही त्यांनी जरूर जावं. ती या वेळी गेली नाही. पैसे वाचवले.

आपल्याकडे काय आहे, हेही विचारलं मी. साताऱ्यात १९६१पासूनची सैनिक स्कूल आहे, तिथून एनडीएत जाऊन हवाई दलात पोचण्याची वाट जुनी आहे, आणि निवृत्तीनंतर सिव्हिलमध्ये यायचं तर त्यांनाही डीजीसीएच्या परीक्षांच्या दारातूनच यावं लागतं. तुमच्या गल्लीत असे कुणी काका असतील तर जाऊन बसा त्यांच्याजवळ. कराडला धावपट्टी आहे. कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे, तिच्या विमानतळाबद्दल सांगलीकर माझ्या जन्माआधीपासून बोलतायत; विमान पकडायला अजून कोल्हापूरच्या उजळाईवाडीलाच जावं लागतं. मुलींसाठी एक नाव: कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५मध्ये इंडियन एअरलाइन्सचं सगळ्या महिला क्रूचं पहिलं उड्डाण झालं तेव्हा डाव्या खुर्चीत त्या होत्या. आपल्या आया शाळेत होत्या तेव्हाची गोष्ट.

हा मजकूर देण्याआधी ताईला फोन केला. ती ड्युटीवर परतली होती, कुठल्यातरी हॉटेलात. पेपरची तारीख आलीय. वडिलांना सांगितलं का, विचारलं. "निकालानंतर सांगते," म्हणाली. मग म्हणाली, "थांब, तुला एक देते. अंतर ९०० मैल, वेग ४५०, वारा समोरून ५०. सारख्या वेळेचा बिंदू मधल्या साडेचारशेच्या अलीकडे की पलीकडे? आकडा नंतर काढ. आधी तोंडाने सांग."

मी अलीकडे म्हटलं. तिकडे काहीच आवाज नाही. मग ती हसली आणि म्हणाली, "वारा कुठून येतोय बघ परत."